शून्य वेगावर पारखलेली सुपर मीटिअर ६५०

रॉयल एनफील्डची सुपर मीटिअर ६५० ही मोटारसायकल जानेवारी २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली. तेव्हापासून तिच्याविषयी जे लिहिले गेले, त्यातला बहुतेक भाग महामार्गाविषयीचा आहे. ६४८ सीसीचे जोडसिलिंडर इंजिन, ४७ पीएस शक्ती, ५२.३ न्यूटन-मीटर टॉर्क आणि लांबच्या पल्ल्यात न दमणारी चाल हे सगळे खरेच आहे. परंतु इतकी जड गाडी ज्या ठिकाणी कलंडते ती ठिकाणे वेगळी असतात: सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा चढ, पेट्रोल पंपावरची तेलकट फरशी, अरुंद गल्लीत घ्यावे लागणारे उलटे वळण (यू-टर्न), ढाब्यासमोरची सैल खडी. वेग असतो तोवर गाडी स्वतःचा तोल बऱ्याच अंशी स्वतः सांभाळते; तो माणसाच्या चालीइतका उतरला की ते काम चालकाच्या पायांवर, क्लचवर आणि नजरेवर येऊन पडते. घरी आणताना प्रत्येकाला याचीच धास्ती असते, म्हणून या परीक्षणात मी गाडीकडे फक्त याच बाजूने पाहणार आहे.

आधी वजनाचा विचार करू. द्रव पदार्थांसह गाडीचे वजन २४१ किलो आहे. आपल्याकडे या गाडीकडे वळणारे पुष्कळजण याच कंपनीची क्लासिक ३५० चालवत आलेले असतात आणि तिचे वजन १९५ किलो आहे. म्हणजे फरक जवळजवळ सिमेंटच्या एका पोत्याइतका पडतो. गाडी सरळ उभी असताना हा फरक जाणवत नाही, कारण सगळा भार टायरांतून जमिनीत जातो. झुकू लागली की मात्र हिशेब झपाट्याने बदलतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर आणि हँडलची उंची एक मीटर धरली, तर दहा अंश झुकलेली ही गाडी हँडलपाशी तोलून धरायला सुमारे २१ किलोचा जोर लागतो. वीस अंशांवर तो ४१ किलो होतो आणि तीस अंशांवर ६० किलो. तोही कमरेतून वाकलेल्या, एका पायावर आलेल्या माणसाला लावायचा असतो. पहिल्या काही अंशांतच गाडी सावरता येते, त्यानंतर येत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

याच कारणाने मला या गाडीचा सर्वांत मोठा गुण तिची बैठक वाटतो. सीटची उंची ७४० मिलिमीटर आहे. याच कंपनीच्या क्लासिकची ८०५, इंटरसेप्टर ६५० ची ८०४ आणि हिमालयन ४५० ची मूळ सीटसह किमान ८२५ मिलिमीटर आहे. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाचेही दोन्ही तळवे येथे टाचांसह जमिनीवर टेकतात आणि गुडघ्यात थोडा वाकही उरतो. हिमालयन वजनाने १९६ किलोची, म्हणजे पुष्कळ हलकी आहे. परंतु उंचीने बेताच्या चालकाचा फक्त चवडा टेकत असेल, तर पाय घट्ट बसेपर्यंत ती आधीच काही अंश झुकलेली असते आणि वर सांगितलेला हिशेब तेथूनच सुरू होतो. सुपर मीटिअरवर तो प्रसंग सहसा येत नाही. केवळ वजनाचा आकडा वाचून या गाडीला भिणाऱ्यांनी एकदा तिच्यावर बसून ती दोन्ही बाजूंना हलकेच झुकवून पाहावी.

दुसरा गुण इंजिनाचा आहे. मंद वेगात वळताना इंजिन बंद पडणे, हे जड गाडी पडण्याचे फार मोठे कारण असते, कारण आत झुकलेल्या गाडीला उचलून धरणारी ओढ एका क्षणात नाहीशी होते आणि ती वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते. या इंजिनाची खालच्या फेऱ्यांतली ओढ इतकी एकसारखी आहे की पहिल्या गियरमध्ये अर्धा क्लच दाबून, थोडा थ्रॉटल स्थिर ठेवून, माणूस चालतो त्या वेगाने गाडी निमूट पुढे सरकते. क्लच हलका आहे आणि लिव्हरचे अंतर बोटांच्या लांबीप्रमाणे बदलता येते, ही सोय लहान हातांच्या चालकांसाठी फार मोलाची आहे.

जेथे ही गाडी चालकाकडून शिस्त मागते ते ठिकाण म्हणजे पायांची जागा. क्रूझर, म्हणजे लांब पल्ल्यासाठी ऐसपैस बैठकीची गाडी, असल्यामुळे फूटरेस्ट पुढे आहेत. लांबच्या प्रवासात त्याने आराम मिळतो. पण थांबताना पाय पुढून उचलून शरीराच्या खाली आणावा लागतो, आणि मंद वेगात गाडीला बांधून ठेवणारा मागचा ब्रेकही त्या पुढच्या पायाखालीच असतो. साहजिकच चालक दोन्ही पाय लोंबते ठेवून पुढच्या ब्रेकवर विसंबतो. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबणे हे तर पडण्याला आमंत्रण आहे: वळणात गाडीला तोलून धरणारा वेग एकाएकी संपतो, पुढचा काटा (चाकाला धरणारा शॉक-अॅब्सॉर्बर) खाली बसतो आणि आधीच आत कललेले वजन चालकाच्या हातातून निसटते. त्यात दोन चाकांमधले अंतर १५०० मिलिमीटर, म्हणजे इंटरसेप्टरपेक्षा शंभर मिलिमीटरने जास्त आहे, त्यामुळे उलटे वळण घ्यायला रस्ता अधिक लागतो. पेठेतल्या गल्लीत ते एका दमात घेण्याचा अट्टहास करू नये. थांबून, हँडल सरळ करून, पायांनी मागे घेऊन वळवावे. उजवा पाय फूटरेस्टवर ठेवून मागच्या ब्रेकवर वळण्याचा सराव रिकाम्या मैदानात आधीच करून ठेवला, तर उपयोग होतो.

मागे कोणी बसणार असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे साडी नेसलेल्या आई, काकू डावीकडे दोन्ही पाय सोडून एका अंगाने बसतात. उभ्या गाडीवर हे वजन एकदम डावीकडे येते. म्हणून चालकाने आधी दोन्ही पाय रोवून, पुढचा ब्रेक धरून, ‘बसा’ म्हणावे आणि त्यानंतरच त्यांनी बसावे. उतरतानाही हाच क्रम पाळावा. सिग्नलला थांबल्यावर मागच्या माणसाने पर्स चाचपण्यासाठी वळू नये, हेही सांगून ठेवावे.

पावसाळ्यात साइड स्टँडकडेही लक्ष हवे. कोकणातल्या भिजलेल्या जांभ्या मातीत तो हळूहळू रुतत जातो, आणि गाडी कोणी जवळ नसताना कलंडते. स्टँडखाली चपटा दगड किंवा फळकूट ठेवावे. उतारावर तोंड चढाकडे करून, पहिल्या गियरमध्ये गाडी लावावी.

काळजी घेऊनही एखादे दिवशी गाडी पडणारच. वीस अंशांपलीकडे झुकली की सोडून द्यावी आणि पाय बाहेर काढावा. पत्रा पुन्हा सरळ होतो, घोट्याचे तसे नसते. इंजिन गार्ड आधीच बसवलेला असावा, असे माझे ठाम मत आहे. तो असला की गाडी सपाट आडवी न होता गार्डवर तिरकी टेकते, टाकीला पोचा पडण्याचा धोका कमी होतो, आणि उचलण्याचा सुरुवातीचा, सगळ्यांत अवघड भाग थोडा वाचतो. सायलेन्सर दोन्ही बाजूंना असल्यामुळे कोणत्याही अंगावर पडली तरी क्रोमवर ओरखडा येण्याची शक्यता राहते आणि तो खर्च धरूनच चालावे.

उचलताना आधी किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण) आणि चावी बंद करावी. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे जाणार नाही. मग गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला बूड टेकवून, हँडल पूर्ण वळवून एका हाताने त्याची मूठ आणि दुसऱ्या हाताने चौकटीचा भक्कम भाग धरावा. पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर लहान लहान पावले मागे टाकीत जावे. तापलेल्या सायलेन्सरला पोटरी लागू देऊ नये. जवळ कोणी असेल तर अवश्य हाक मारावी, कारण दोघांत हे काम सोपे होते आणि रस्त्यावरची माणसे अशा वेळी धावून येतात. उभी केल्यावर लगेच स्टार्टर मारू नये. पेट्रोल सांडले आहे का, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर वाकले आहेत का, हँडल दोन्हीकडे मोकळे फिरते का, हे पाहावे आणि तेल तळाशी उतरायला काही मिनिटे द्यावीत.

ज्यांना रोज अरुंद गल्लीतून, उताराच्या पार्किंगमधून गाडी काढावी लागते आणि मदतीला कोणी नसते, त्यांना मी ही गाडी सुचवणार नाही. त्यांच्यासाठी क्लासिक अधिक सुटसुटीत आहे. ज्यांची उंची बेताची आहे पण मोठ्या इंजिनाची ओढ आहे आणि सरावाला वेळ द्यायची तयारी आहे, त्यांनी हिचा निश्चित विचार करावा. शोरूममध्ये चाचणी घेताना महामार्गावर नेण्याचा आग्रह न धरता, इंजिन बंद ठेवून गाडी सौम्य चढावर पायांनी मागे घेता येते का आणि दोन्हीकडे पूर्ण हँडल वळवून आठचा आकडा काढता येतो का, एवढे दोन प्रयोग करू देण्याची विनंती विक्रेत्याला करावी.