एमबीआर ठेवू की जीपीटी करू?

विंडोज टाकताना डिस्क दिसते, पण 'या डिस्कवर इन्स्टॉल होणार नाही' म्हणत गाडी अडते. एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कच्या पार्टिशनांची (भागांची) नोंद ठेवणारे जुना आणि नवा तक्ता. बहुतेकदा डिस्क एमबीआर असते आणि इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह युईएफआयमधून (संगणक सुरू करणाऱ्या बायोसच्या नव्या पद्धतीतून) सुरू झालेला असतो. मग बायोस लेगसीवर (जुन्या पद्धतीवर) न्यायचा, की डिस्कच जीपीटी करायची?

लेगसीला एक सेटिंग पुरते, डेटाला धक्का नाही. जीपीटीसाठी शिफ्ट-एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडायची आणि डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क-टूलमध्ये 'क्लीन' (डिस्क पुसायची आज्ञा) द्यायचं. तिथे डिस्कचा नंबर चुकला की भलत्याच डिस्कची पार्टिशनं उडतात. मी तर 'लिस्ट डिस्क'ने दिसणाऱ्या डिस्कच्या यादीतला आकार दोनदा वाचतो.

टिकाऊपणात जीपीटी सरस: तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. एमबीआरची धाव २ टीबीपर्यंत.

युईएफआय नसलेला जुना संगणक असेल तर एमबीआर. विंडोज ११ किंवा मोठी डिस्क असेल तर बॅकअप घ्या आणि जीपीटी करा.