रक्तातलं औषध मोजायचं की पेशंटची चाल?

आमच्या आत्याला पल्मनरी हायपरटेन्शन आहे, म्हणजे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब. गुहागरकडच्या घराची पाखाडी चढताना ती तीनदा टेकते. औषध लागू पडतंय का, हे बघायचे दोन मार्ग.

पहिला, रक्तातली औषधाची पातळी. ऐकायला पक्कं वाटतं, पण सिल्डेनाफिल हे या आजारावरचं औषध रक्तात साधारण 4 तासांत निम्मं होतं. गोळी कधी घेतली आणि रक्त कधी काढलं, ही वेळ नीट नोंदली नाही तर आकडा फुकट. शिवाय अमुक पातळीला गुण येणारच, अशी सर्वमान्य रेषा नाही आणि तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही. तरी ती अगदीच बिनकामाची नव्हे. सोबत बोसेन्टान हे याच आजारावरचं दुसरं औषध असेल तर सिल्डेनाफिलची पातळी निम्म्याहून खाली येते. टीबीवरच्या रिफाम्पिसिननेही ती घटते. गोळ्या चुकतायत की शरीरच त्या लवकर संपवतंय, अशी शंका आली तर पातळी कामाची.

दुसरा मार्ग परिणाम मोजण्याचा: 6 मिनिटांची चाल (तेवढ्या वेळात पेशंट किती मीटर चालतो), एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी), इको (हृदयाची सोनोग्राफी). 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत 440 मीटरपेक्षा जास्त चाल कमी जोखमीची मानली आहे. गुडघे दुखत असतील तर चाल फसवते (आत्याचे दुखतातच), म्हणून बाकीच्या दोन तपासण्या जोडीला हव्यात.

मी दुसऱ्याच मार्गाच्या बाजूने. बोसेन्टान चालू असेल तर लिव्हरची नियमित तपासणी मात्र वेगळी. ती भातलावणीच्या गडबडीतही चुकवायची नाही.