मंगलदास मार्केट: पडद्यांचं कापड, कुर्त्याचं कापड आणि एक फसगत

डोंबिवलीच्या नव्या घरासाठी तयार पडद्यांच्या जोडीला २,२०० सांगितले, तेव्हा आईच म्हणाली, ‘अगं, मंगलदासला जा.’ सीएसएमटीहून चालत दहा-पंधरा मिनिटं, क्रॉफर्ड मार्केटजवळ. रविवारी बंद असतं, म्हणून मंगळवारी सकाळीच गाठलं. दुपारनंतर त्या गल्ल्यांत धक्के खात कापड बघवत नाही.

जाण्याआधी खिडकी मोजा. माझी पाच फूट रुंद. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ इंची, म्हणजे चार फूट. चुण्या छान पडायला दुप्पट रुंदी हवी, म्हणून तीन पट्ट्या. खिडकीची उंची, वरची-खालची दुमड आणि आटणं धरून तिन्ही पट्ट्यांना मिळून साडेपाच मीटर. जाडसर सुती, मोहरीच्या रंगाचं, १४० रुपये मीटर. ७७० मध्ये काम झालं. शिलाई वेगळी, पण ती आमच्या सोसायटीतल्या शिंपीणबाईंनी माफकच घेतली.

फसले ते कुर्त्यात. एका गाळ्यावर ‘प्युअर कॉटन’ म्हणून अजरख छपाईचं अडीच मीटर घेतलं. घरी एक धागा ओढून जाळला, तर राख व्हायची सोडून टोकाला कडक काळी गुठळी. पॉलिस्टर! बिल मागितलं नव्हतं, त्यामुळे बोलायची सोयच नाही. आता त्याचे उशांचे अभ्रे झालेत. दिसतात मात्र झकास.

घासाघीस होते, पण ठोक दुकानदार दोन मीटरवाल्या गिऱ्हाइकाकडे ढुंकूनही बघत नाहीत. माझे चार तारे. पाचवा त्या अजरखवाल्याने खाल्ला. दिवाळीआधी चादरींसाठी पुन्हा जाणार, काडेपेटी पर्समध्ये घालून.