पिंपलची ट्यूब घेताना पाठीमागची बारीक अक्षरं वाचा

मुलीच्या गालांवर पिंपल्स फार वाढले, म्हणून नागपुरात धरमपेठेत स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रात्री लावायला एक जेल लिहून दिलं. त्यात दोन औषधं एकत्र होती, ॲडापॅलीन 0.1 टक्के आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के. एकाने त्वचेची छिद्रं बुजत नाहीत, दुसऱ्याने जंतू मरतात. सुरुवातीला चेहरा कोरडा पडेल, थोडी आग होईल, फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील, असं त्यांनी नीट समजावलं. टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे ठेवा, या औषधाने कपड्याचा रंग उडतो, हेही सांगितलं.

सक्करदऱ्याकडच्या एका मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहिली आणि दुसरीच ट्यूब पुढे केली. "तेच आहे काकू, पिंपलचं कॉम्बिनेशन. कंपनी तेवढी वेगळी." बिल मागितलं, तर म्हणे प्रिंटर बंद आहे.

आठवड्याभरात चेहरा असा उजळला की शेजारणी विचारायला लागल्या. आग नाही, कोरडेपणा नाही. पोरगी आपला गडद निळा टॉवेलच वापरत होती, त्यावर एक पांढरट डाग पडला नाही.

ट्यूब संपली आणि खरं रूप दिसलं. मे महिन्यात नागपूरचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. दारात उभी राहिली तरी तिचे गाल लालबुंद व्हायचे, गॅसजवळ गेली की भाजल्यासारखं व्हायचं. हनुवटीपासून कानापर्यंत एकाच आकाराचे बारीक लाल फोड उठले.

डॉक्टरांनी रिकामी ट्यूब खिडकीजवळ नेऊन वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. हे वांगाच्या डागांचं औषध आहे, आणि मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. त्याने लाली दबते, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. आत मात्र कातडी पातळ होत जाते, आणि लावणं थांबवलं की सगळं उसळून वर येतं.

दुकानदार म्हणाला, "तुम्हीच मागितली होती." बिल नव्हतंच, मग बोलणार कशाच्या जोरावर? माझ्या मते ही सरळ लूट आहे, तीही लेकरांच्या चेहऱ्याशी खेळून. त्वचेवर लावायची स्टिरॉइड मलमं सरकारने 2018 मध्ये शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आमच्या चिठ्ठीत तर त्याचं नावही नव्हतं.

काउंटरवरून हलण्याआधी चिठ्ठीतली नावं आणि ट्यूबवरची नावं एकेक करून जुळवा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही दिसलं तर तिथेच परत करा. बॅच नंबर असलेलं बिल घ्याच. घरी अशी ट्यूब आधीपासून लावणं चालू असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ती घेऊन नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात दाखवा. रिकामी ट्यूब फेकू नका. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना ती लागते.