बॉडीशॉपचं इस्टिमेट आणि थांबवून ठेवलेली खरेदी

कॅमेरा असो, लॅपटॉप असो की दुचाकी, पैसे जमत आले आणि नेमकी घरातल्या गाडीला ठोकर बसली, की माणसं सुखरूप आहेत याची खात्री झाल्यावर पुढचा प्रश्न हाच असतो: खरेदी किती दिवस लांबवायची? त्याचं उत्तर बॉडीशॉपच्या कागदावर असतं, फक्त पहिल्या कागदावर नसतं. हा रिव्ह्यू त्या सेवेचा आहे: समोरून किंवा बाजूने बसलेल्या मध्यम धडकेची दुरुस्ती, विम्याच्या क्लेमसह. आमचं मत आधीच सांगतो. चांगल्या बॉडीशॉपमधलं काम बहुतेकदा समाधानकारक होतं. आकडा आणि तारीख मात्र दोन्ही हलतात, आणि हलल्या की वरच जातात.

पहिलं इस्टिमेट गाडीभोवती फेरी मारून काढलेलं असतं. बंपर, बॉनेट, एक फेंडर, एक हेडलाइट, रंगकाम. बंपर उतरवल्यावर खरा प्रकार दिसतो. बंपरच्या आत लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची आडवी पट्टी असते आणि तिच्या मागे दोन्ही बाजूंना चुरगळून धक्का पचवणारे डबे असतात. डबा एकदा आखडला की त्याचं काम संपलं, तो ठोकून सरळ करत नाहीत, बदलतात. त्यामागे एसीचा कंडेन्सर, मग रेडिएटर, आणि ते ज्या चौकटीवर बसतात ती चौकट. कंडेन्सर सगळ्यात पुढे असल्याने हलक्या धडकेतही तोच आधी जातो. तो बदलला की गॅस पुन्हा भरणं आलं. हेडलाइटची काच शाबूत दिसते, पण मागचे प्लास्टिकचे लॉक तुटलेले असतात. पार्किंग सेन्सरची वायर, हॉर्न, वॉशरची टाकी ही किरकोळ मंडळी तर पहिल्या यादीत जवळजवळ कधीच नसतात.

म्हणून बॉडीशॉपला विचारायचा प्रश्न ‘किती खर्च येईल?’ हा नाही. ‘गाडी खोलून इस्टिमेट कधी देणार, आणि दुरुस्ती इथे केली नाही तर खोलण्याचे किती घेणार?’ हे विचारा. वाढीव नुकसान निघालं तर काम सुरू होण्याआधी सर्व्हेअरला (विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याला) पुन्हा दाखवून मंजुरी घ्यावी लागते. आधी पार्ट बदलला आणि मग फोटो पाठवला, तर त्या पार्टवरून वाद होतो आणि पैसे आपल्या खिशातून जातात. खोललेल्या गाडीचे फोटो स्वतः जाऊन काढावेत, तुटलेले पार्ट सर्व्हेअर बघेपर्यंत भंगारात जाऊ देऊ नयेत. समोरच्या धडकेत पहिल्या आकड्याच्या दीडपट रक्कम बाजूला धरावी, हा आमचा ढोबळ हिशेब आहे. एअरबॅग उघडल्या असतील तर तोही सोडून द्या.

विमा आहे म्हणून खरेदीच्या पैशाला धक्का लागणार नाही, हा समज सर्वाधिक घात करतो. पॉलिसीत ठरलेली सुरुवातीची रक्कम आपणच भरायची असते. अनेक पॉलिसींमध्ये प्लास्टिक-रबराच्या भागांवर घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापला जातो. कूलंट, गॅस, क्लिपा, नट-बोल्ट यांचा खर्च वेगळा काढला जातो. मंजुरीला उशीर झाला आणि गाडी अंगणात उभी राहिली तर काही बॉडीशॉप उभं राहण्याचं भाडंही लावतात. शिवाय पैसे आपण आधी भरून नंतर कंपनीकडून घ्यायचे असतील, तर मधले काही आठवडे पूर्ण बिल आपल्याच खात्यातून गेलेलं असतं. या काळात ‘हप्त्यावर घेऊन टाकू’ म्हणणं म्हणजे एका खिशाला दोन भोकं पाडणं.

आता एअरबॅग. इथे बिल फुगतं आणि फसवणूकही इथेच होते. उघडलेली एअरबॅग परत घडी घालून बसवता येत नाही. तिच्याबरोबर सीटबेल्ट आखडणारी यंत्रणाही एकदाच वापरायची असते. धडकेचे सेन्सर आणि नियंत्रण करणारा मॉड्यूल यांचं काय करायचं ते गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि प्रवाशाच्या बाजूची बॅग उघडली असेल तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डही फाटलेला असतो. हे सगळं टाळायचा सोपा मार्ग वाईट कारागिरांना ठाऊक असतो: बॅगेच्या जागी दोन-तीन ओमचा रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा छोटा तुकडा) जोडायचा, म्हणजे मॉड्यूलला बॅग जागेवर आहे असं वाटतं आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझतो. कव्हर नवं, आत काही नाही. स्कॅनर लावूनही हे कळतंच असं नाही. त्यामुळे नव्या बॅगेचं खरेदीबिल आणि तिच्यावरच्या सीरियल नंबरचा बसवण्याआधीचा फोटो मागावा. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. न विझणं वाईट. अजिबात न लागणं त्याहून वाईट, कारण कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. जोराचा ताण आलेला पट्टा कडेने लहरी पडल्यासारखा दिसतो, आणि खांद्याजवळच्या कडीच्या प्लास्टिकवर घासून वितळल्याच्या खुणा असतात. असा पट्टा पुन्हा वापरायचा नाही, आत-बाहेर सरकत असला तरी.

चेसीचं, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याचं, काम डोळ्यांनी तपासता येत नाही, कागद मागावा लागतो. गाडी बेंचवर (सांगाडा मोजून सरळ करायच्या चौकटीवर) घेऊन मोजमाप केलं असेल तर दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे असतातच. साधारण 3 मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो. अतिकठीण पोलादाचे भाग गॅसने तापवून सरळ केले तर त्यांची ताकद जाते, तिथे बदल हाच उपाय. व्हील अलाइनमेंटचीही आधीची-नंतरची प्रिंट घ्यावी. स्टिअरिंग तिरकं ठेवून गाडी सरळ जात असेल, तर काम पुरं झालेलं नाही. आणि पुढच्या काचेवर कॅमेरा किंवा बंपरमागे रडार असलेल्या गाडीत कॅलिब्रेशन (कॅमेरा-रडारची दिशा पुन्हा अचूक लावणं) ही वेगळी ओळ बिलात हवी. ती नसेल तर बहुधा ते झालेलंच नाही. रडारसमोरच्या बंपरवर पुट्टी भरू देऊ नये, अनेक कंपन्या त्याला स्पष्ट मनाई करतात.

रंगकामात या सेवेला आम्ही सगळ्यात जास्त गुण देतो. बूथमध्ये साठ अंशांच्या आसपास तापवून सुकवलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, कारखान्यातल्या रंगाच्या अगदी जवळ जातो. बिघडते ती शेड. मेटॅलिक किंवा पर्ल रंगात फक्त बदललेला फेंडर रंगवला तर शेजारचा दरवाजा वेगळा दिसतो. रंग दरवाज्यावर थोडा पसरवून मिसळावा लागतो आणि ते इस्टिमेटमध्ये आधीच लिहून घ्यावं लागतं. ट्यूबलाइटखाली सगळं जुळतं, गाडी उन्हातच बघा. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तम: कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, त्यावर दुसऱ्यांदा रंग चढवला तर 200-300 दिसतात. हजाराच्या वर आकडा म्हणजे खाली पुट्टीचा थर आहे. नव्या पत्र्याचे पैसे घेतलेल्या पॅनेलवर पुट्टी निघाली, तर मग बोलायला हवं. ताज्या रंगावर पहिला महिनाभर वॅक्स नको.

बॉडीशॉपच्या बिलात न येणारे दोन खर्च खरेदीच्या पैशातूनच जातात. एक, लहान मुलाची सीट. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेचा निकष वापरायला सोपा आहे: गाडी स्वतः चालवून नेता आली, सीटजवळचा दरवाजा शाबूत, कोणालाही इजा नाही, एअरबॅग उघडली नाही आणि सीटवर डोळ्यांना दिसणारं नुकसान नाही, हे पाचही असेल तरच जुनी सीट चालते. काही सीट-कंपन्या कोणत्याही धडकेनंतर बदलायलाच सांगतात, म्हणून सीटची पुस्तिका बघावी आणि क्लेममध्ये ती नोंदवावी. दुसरा खर्च मानेचा. गाडीला मागून धक्का बसला की मान आखडणं एक-दोन दिवसांनीही सुरू होतं, तेव्हा पहिल्याच दिवशी ‘कोणाला काही लागलं नाही’ असं लिहून देऊन प्रकरण मिटवू नये.

राहिली खरेदी. आगाऊ रक्कम दिली असेल तर रद्द करण्याऐवजी तारीख पुढे सरकवून लेखी मागा, बरेच दुकानदार ते ऐकतात. इलेक्ट्रॉनिक वस्तू असेल तर थांबण्यात नुकसान कमी. नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत उतरते, आणि ‘ऑफर आजच संपते’ला फारसा अर्थ नसतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या फार जवळ गेला आणि कंपनीने गाडी पूर्ण निकामी धरली, तर मात्र हिशेबच बदलतो: गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जातात, उरलेले आपल्याकडे, आणि जमवलेली रक्कम बहुधा पुढच्या गाडीच्या डाउनपेमेंटला लागते.

एरवी पैसे मोकळे करण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात: अंतिम बिल, क्लेमची रक्कम खात्यात, आणि गाडी पाचशे किलोमीटर चालवल्यानंतरची एक तपासणी. ही तपासणी फुकट करून देण्याचं बॉडीशॉपकडून डिलिव्हरीच्या दिवशीच बिलावर लिहून घ्यावं, कारण कूलंटची बारीक गळती, हेडलाइटमध्ये साचणारी वाफ आणि टायरची एका कडेने होणारी झीज तोवर दिसायला लागलेली असते.