नाशिकमधली अंगणवाडी: नाव घालण्याआधी काय बघावं

तीन वर्षांचं मूल झालं की सातपूर-सिडकोतले पालक आधी नर्सरीची फी विचारत फिरतात. गल्लीतली अंगणवाडी 'खाऊ वाटायची जागा' म्हणून मागे पडते. आमच्या मते हे मुलाचंच नुकसान आहे. १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत ३ ते ६ वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण, गरम ताजा आहार आणि वजन-उंचीची तपासणी फुकट मिळते. उत्पन्नाची अट नाही. मुलाचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नोंद होते.

दर्जा मात्र केंद्रागणिक बदलतो. म्हणून नाव घालण्याआधी सकाळी अचानक जाऊन बसा. मुलं नुसती पाढे-एबीसी घोकताहेत, की गाणी, ठोकळे, मणी ओवणं, गोष्ट असं काही चाललंय? मग वजन कसं घेतात ते बघा. काटा आधी शून्यावर आणला का? अंगात स्वेटर, पायात चप्पल ठेवूनच मोजलं तर आकडा फुगतो आणि घसरण लपते. पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी ११.५ सेंमीच्या खाली दाखवत असेल तर ते तीव्र कुपोषण. लगेच आरोग्य केंद्रात न्यायलाच हवं. आहारात दिवसाला किती कॅलरी आणि प्रथिनं हवीत याचं प्रमाण ठरलेलं आहे, त्यामुळे रोज नुसती पातळ खिचडी मिळत असेल तर सेविकाताईंना विचारा, त्यांनी काही केलं नाही तर पर्यवेक्षिकेकडे जा. ताईंवर सर्वेक्षणं आणि नोंदींचा भार फार असतो. त्या बाहेर असल्या की मदतनीस एकट्या पडतात, शिकवणं तिथेच थांबतं. जागेची अडचण, शौचालय, पिण्याचं पाणी हेही नजरेखालून घाला.

खासगी शाळाच हवी असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागा आहेत. पण प्रत्येक शाळेत त्या नर्सरीपासूनच असतात असं नाही, कुठे थेट पहिलीपासून असतात. ते आधी विचारून घ्या. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना ती लागू नाही.

या २५ टक्के जागांचा ऑनलाइन अर्ज बहुतेकदा अडकतो तो पत्त्यावर. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा आणि अर्जाच्या आधीचा हवा. नुसती नोटरी पडताळणीत टिकत नाही. अर्जातल्या नकाशावरची खूण घराच्याच छतावर ठेवा, कारण शाळेचं अंतर तिथूनच मोजलं जातं. या जागा सोडतीने मिळतात; उत्पन्नाचा दाखला सोडत लागल्यावर काढायला गेलात तर सेतू केंद्रातच मुदत संपते.