‘घोड्यांची सोय आहे’ म्हणणाऱ्या कॅम्पला आगाऊ रक्कम देण्याआधी

जाहिरातीत सगळं असतं. नदीकाठ, गर्द झाडी, डोंगरातून जाणारी घोड्यांची वाट, शिवाय ‘कुंपणाची पागा, मुबलक पाणी, चारा जागेवर, वनखात्याची परवानगी आमच्याकडे’. फोटोही झकास. चार घोडे आणि दोन रात्रींच्या अशाच एका मुक्कामात यातली एकही गोष्ट खरी निघाली नाही. तरीही गटाला ठरलेली पूर्ण रक्कम आणि वर ‘जादा सोयीचे’ पैसे मोजूनच तिथून निघावं लागलं.

या फसवणुकीचा सगळा जोर मुक्या जनावरावर असतो. फक्त माणसंच असतील तर जागा वाईट निघाल्यावर चार शब्द सुनावून गाडी वळवता येते. पण चार-पाच तास ट्रेलरमध्ये उभे असलेले घोडे घेऊन अंधारात परत घाट कोण उतरणार? समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून पोचायची वेळ तोच ठरवतो: ‘आधीचा गट सहाला निघतो, त्यानंतरच या.’ त्यात शेवटचा रस्ता एकेरी. गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी १२ मीटरच्या आसपास जाते. वळायला मोठं मोकळं मैदान नसेल, तर चढाच्या कच्च्या वाटेवर ते धूड रिव्हर्स घेणं जवळपास अशक्य. फाटक ओलांडलं की घासाघीस संपलेली असते, आपल्याला ते कळायचं तेवढं बाकी असतं.

पहिला झटका पाण्याचा. फोटोत नळ होता, जागेवरही नळ होता, फक्त धार करंगळीएवढी. २० लिटरची बादली भरायला आठ मिनिटं. साधारण ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागतं, उन्हात चढ चढून आला असेल तर त्याहून जास्त. रात्री घोड्यामागे दोन बादल्या धरल्या तरी आठ बादल्या, म्हणजे तासाहून जास्त वेळ. एवढं झाल्यावर टँकरचा विषय निघतो, अर्थातच जादा पैशांत. ‘नदी आहे की समोर!’ हेही ऐकवलं जातं. झाडीतल्या नदीचा काठ बहुधा खडा आणि निसरडा असतो, उतार नेमका कुठे आहे हे माहीत नसताना तिथे घोडा घालू नये. संथ डोहावर हिरवी-निळसर साय दिसली तर ते पाणी विषारी असू शकतं. सगळ्यांच्या जनावरांसाठी ठेवलेल्या हौदालाही घोड्याचं तोंड लावू देऊ नका. स्ट्रँगल्ससारखा, घोड्याच्या घशाच्या गाठी सुजवणारा संसर्ग अशाच सामाईक पाण्यातून आणि बादल्यांतून पसरतो.

‘पागा’ म्हणजे कोवळ्या झाडांना गुंडाळलेली काटेरी तार. फोटो एका बाजूने काढला की त्यात फक्त लाकडी फाटक येतं. बुजलेला घोडा काटेरी तारेत अडकला तर कातडं फाटून स्नायूपर्यंत जखम होते, आणि नेमकी पहिल्याच रात्री, अनोळखी जागी, घोडे बुजतात. आपला दोर बरोबर असेल तर यावर मात करता येते: दोन जाड, जिवंत झाडांमध्ये सव्वादोन मीटर उंचीवर दोर ताणायचा, खोडांना साल सोलू नये म्हणून किमान ५ सेंटिमीटर रुंद पट्टे घालायचे. दावं इतकंच ठेवायचं की तोंड चाऱ्यापर्यंत पोचेल, पण पाय त्यात जाणार नाही. खोडापासून दोन-तीन मीटर अंतर राखा, नाहीतर उभ्या उभ्या घोडा टापांनी मुळं उकरतो. आसपास कण्हेर किंवा यूचं (सुईसारख्या पानांचं, विषारी) झाड असेल तर तिथे घोडा बांधूच नका. थोडासा पालाही जीव घेतो.

चाऱ्यातली लबाडी सगळ्यात सराईत असते. गवताचे गठ्ठे बाहेरून हिरवट-सोनेरी होते. दोरी कापून एक मधोमध फाडला, तर आतून करडी भुकटी उडाली, हात घातल्यावर ऊब लागली आणि वास ओल्या गोणपाटाचा. गठ्ठा बांधताना गवतात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल राहिली की तो आतून तापतो आणि बुरशी धरते. वजन भरावं म्हणून पाणी मारणारेही आहेत. असा चारा खोकला आणि पोटशूळ देतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं. चांगल्या गवताचाही अचानक बदल बरा नाही, नवा चारा ७ ते १० दिवसांत हळूहळू मिसळायचा असतो. तेव्हा ‘चारा जागेवर’ हे आमिषच समजा. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, म्हणजे घोड्यामागे दिवसाला ७ ते ९ किलो. चार घोड्यांना दोन दिवसांसाठी ६० ते ७० किलो घरूनच न्या. चंदी (दाणा) आणि तोबरे (ती खायला तोंडाला बांधायच्या पिशव्या) तर आपलेच हवेत.

परवानगीचा कागद दाखवला गेला, पण त्यावरची तारीख उलटलेली आणि उल्लेख फक्त माणसांचा. परवान्यात जनावरांची संख्या, मार्ग आणि तारखा आहेत का ते आधीच फोटो मागवून बघा. खातरजमा करताना वनकार्यालयाचा नंबर स्वतः शोधा, विक्रेत्याने दिलेल्या नंबरवर त्याचाच माणूस उचलू शकतो. ‘आठ किलोमीटर सपाट वाट’ ही थाप समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर दोन मिनिटांत उघडी पडते: रेषा दाटीवाटीने असतील तिथे चढ खडा.

पैसे देण्याआधी थेट व्हिडिओ कॉल मागा, आधी केलेलं चित्रीकरण नको. फाटकाची रुंदी टेपने मोजायला लावा, बादली घड्याळ लावून भरायला लावा, गाडी वळायची जागा चालून दाखवायला सांगा. ज्याच्याकडे खरंच घोडे मुक्कामाला येतात तो हे दहा मिनिटांत करतो. ‘रेंज नाही’, ‘मोतद्दार (घोडे सांभाळणारा) बाहेर गेलाय’ ही उत्तरं दोनदा आली की विषय सोडा. फोटो इंटरनेटच्या उलट शोधात टाका (तोच फोटो आणखी कुठे आहे ते दिसतं), दुसऱ्याच कुरणाचे निघतात.

आणि काहीही झालं तरी ट्रेलर आधी आत नेऊ नका. लहान गाडीतून एक माणूस दोन-तीन तास पुढे पाठवा, ट्रेलर घाटाच्या पायथ्याशी रुंद जागेत थांबवा. ती जागा आणि दुसऱ्या तबेल्याचा नंबर निघण्यापूर्वीच ठरलेला हवा. घोड्यामागे ४० लिटर पाणी बरोबर ठेवलं की टँकरवाल्याच्या दयेवर राहावं लागत नाही, मात्र चार घोड्यांचे हे १६० किलो ट्रेलरच्या वजनमर्यादेत धरायला विसरू नका.

आगाऊ रक्कम थोडी द्या, व्यवहारावर हरकत घेता येईल अशाच मार्गाने द्या, कुणाच्या खासगी खात्यावर नको. जाहिरातीचे स्क्रीनशॉट पैसे भरायच्या दिवशीच काढून ठेवा. पहिली तक्रार गेली की ‘पागा’चं रातोरात ‘मोकळी जागा’ होतं.